राजकन्या अजून नावेतच आहे

सिनेमा वाईट आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. थेटरच्या बाहेर मी हेच बोललो, ते मोबाइलवर लोकांनी बघितलं आणि मला येडा ठरवलं. नात म्हणाली, "आप्पा, आता गप्प बसा." गप्प बसायला पुढं लय वेळ मिळणार आहे मला. आत्ता बोलून घेतो.

मी चौथी शिकलेला माणूस. मखमलाबादच्या पुढं आमचा मळा आहे. मेथी, कोथिंबीर, शेपू, कांदापात, असला हिरवा माल. दुपारी उपटायचा, धुवायचा, जुड्या बांधायच्या आणि संध्याकाळच्या लिलावाला पंचवटीच्या मार्केटात पाठवायचा. लग्न झाल्यापासून हेच केलं. कार्टूनच्या सिनेमाशी माझा काय संबंध, असं कुणी विचारलं तर बरोबरच आहे. संबंध बायकोमुळं आला. ती गेल्या पावसाळ्यात गेली.

ती सातवीपर्यंत शिकलेली होती आणि वाचायची. गावातल्या वाचनालयात ती एवढ्या वेळा जायची, की तिथला माणूस तिला चहा विचारायचा. मला कधी विचारला नाही. नातीनं शाळेत असताना तिथून एक जाडजूड कादंबरी आणली. परदेशातली, मराठीत केलेली. एका गोष्टीचे पुष्कळ भाग होते. नातीला दहा-वीस पानांत कंटाळा आला. पुस्तक ओट्यावर पडून राहिलं. ते हिनं उचललं आणि शेडमध्ये आणलं.

शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर, खाली गोणपाट अंथरलेलं आणि एका कडेला पाण्याचं टाकं. टाक्यावर मी बसायचो. मेथीची मुळं धुणं हे माझं काम, ते मी दुसऱ्याला देत नाही. बाया नीट धूत नाहीत, माती राहते, मग व्यापारी नाक मुरडतो. माझ्या पाठीमागं बाया जुड्या बांधायच्या, केळीच्या वाळलेल्या सोपटाची दोरी करून. आणि त्यांच्या मधोमध ही, चष्मा लावून, पुस्तक मांडीवर. ही वाचायची, तिच्या वाटच्या जुड्या बाकीच्या बाया वाटून घ्यायच्या. ही व्यवस्था बायांनीच ठरवली होती. मला कुणी विचारलं नव्हतं.

गोष्ट अशी होती. डोंगरातलं एक राज्य. एके दिवशी तिथलं सगळं मीठ नाहीसं होतं. समुद्राच्या तळाशी एक अजगर असतो, तो सगळ्या दुनियेचं मीठ गिळून बसलेला असतो. जेवणाला चव राहत नाही. घामाला खारटपणा राहत नाही. माणसं रडली तर डोळ्यातून नुसतं पाणी येतं, मन हलकं होत नाही. मग राजाची मुलगी मीठ आणायला निघते. सोबतीला एक हरीण, त्याची शिंगं काचेची.

आता म्हणतात ना, सिनेमा बघून लोक अभिप्राय देतात. आमच्या शेडमधल्या बायांसारखा अभिप्राय द्यायला कुणाची टाप नाही. पहिल्याच दिवशी एकजण म्हणाली, "एवढं मीठ खाल्लं तर त्या अजगराला बीपी होऊन तो आपोआप मरंल. पोरीनं घरीच थांबावं."

दुसरी म्हणाली, "काचेची शिंगं? एकदा झाडाला धडकला की झालं."

हरसूलकडची एक बाई आहे, द्राक्षाच्या कामाला यायची, पुढं आमच्याकडंच राहिली. माझ्याच वयाची असंल. ती कमी बोलते. तिनं फक्त विचारलं, "काकू, राजाच्या घरात एवढे गडी, मग पोरीलाच का धाडली?"

ही म्हणायची, "अगं पुस्तकात तसं लिहिलंय."

"मग पुस्तकवाल्याला अक्कल नाय," हरसूलवाली म्हणायची.

मी टाक्यावरनं ऐकायचो. पहिले काही दिवस माझं लक्ष नव्हतं. मग गोष्टीत नावाडीण आली.

राजकन्या एका मोठ्या नदीवर येते. पलीकडं जायला एकच नाव आणि ती नाव चालवते एक म्हातारी. पदर खोचलेला, आवाज फाटका. राजकन्या म्हणते, मला पलीकडं सोड. म्हातारी तिला बघते आणि विचारते, "जेवलीस का?"

राजकन्या म्हणते, नाही.

"मग बस आधी. रिकाम्या पोटाचं माणूस मी नावेत घेत नाही. नाव हलकी पडते, भोवऱ्यात फिरते."

आणि तिला भाकरी देते. अळणी, कारण मीठ तर कुठंच नाही, पण गरम. बाजरीची.

टाक्यात माझे हात तसेच राहिले. मी वळलो नाही, पण म्हणालो, "ही बाई बरी आहे."

मागं बाया हसल्या. मला वाटलं नावाडणीला हसल्या.

त्यानंतर ती नावाडीण जायची आणि परत यायची. राजकन्या कुठंही गेली तरी मध्ये एखादी नदी लागायची, आणि नदीवर हीच म्हातारी. राजाच्या सैनिकांना शिव्या द्यायची. एका जादूगाराला तिनं नावेत घेतलाच नाही, म्हणाली तुझे पाय धुऊन ये. हरणाला म्हणाली, "लय मिरवू नको, शिंगं मलाबी होती, सासरी आल्यावर गळली." हे ऐकून एका बाईच्या हातातली जुडी सुटली. मी मुळं धुता धुता विचारायचो, "मग? नावाडीण काय म्हणाली?" आणि माझी बायको सांगायची. म्हणजे वाचायची.

मला कधी प्रश्न पडला नाही, की परदेशातल्या पुस्तकात बाजरीची भाकरी कुठून आली. बाकीचे लोक त्या गोष्टीत कसलेकसले पाव खायचे, चीज खायचे. मला वाटलं, नदीवरच्या लोकांचं खाणं वेगळं असंल. ती म्हातारी निफाडकडच्या बायकांसारखी का बोलते, हाही प्रश्न मला पडला नाही. माझ्या बायकोचं माहेर निफाडकडं, गोदेच्या काठचं. तिकडं पूल व्हायच्या आधी नाव चालायची, लहानपणी ती त्या नावेतून शाळेत जायची. मला हे सगळं माहीत होतं. माहीत असून डोक्यात आलं नाही.

मग ती आजारी पडली. एक दिवस ती शेडमध्ये वाचत होती, राजकन्या शेवटच्या नदीत होती, नाव मधोमध आली होती, पलीकडं अजगराचा समुद्र. तिला दम लागला. म्हणाली, "आज एवढंच." पुस्तक बंद केलं. नंतर ती शेडमध्ये आली नाही. महिनाभर घर आणि दवाखाना, मग तेही संपलं. पुस्तक मुलानं वाचनालयात परत नेऊन दिलं. तो माणूस म्हणे विचारत होता, आजी कुठं आहेत.

लोक येत होते, भेटून जात होते. कुणी म्हणे सुटली, कुणी म्हणे भाग्यवान, सवाष्ण गेली. मला एकाचंही तोंड बघावंसं वाटत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच होतं. ती राजकन्या नावेत बसलेली आहे. मधोमध. पुढंही जात नाही, मागंही येत नाही. म्हातारी वल्ही धरून उभी आहे. हे कुणाला सांगणार? मुलाला सांगितलं असतं तर त्यानं डॉक्टरकडं नेलं असतं.

शेडमध्ये काम परत सुरू झालं, पण गोष्ट नाही. बायाही मग गप्प. एकीनं मोबाइलवर गाणी लावली. मी म्हणालो, बंद कर.

यंदा नात कॉलेजातून आली आणि म्हणाली, "आप्पा, आजीच्या त्या पुस्तकाचा सिनेमा आलाय. ॲनिमेशन आहे. मराठीत बोलणारा पण आहे. येता का?"

मी आयुष्यात बोटावर मोजण्याइतके सिनेमे बघितलेत आणि कार्टून एकही नाही. पण मी लगेच हो म्हणालो. नात बघतच राहिली. का ते मी तिला सांगितलं नाही. मला नाव पलीकडं गेलेली बघायची होती. आणि त्या म्हातारीच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, जेवलीस का. बाकी मला त्या अजगराशी काही घेणंदेणं नव्हतं.

शेडमध्ये कळलं तशा बाया खूश झाल्या. "आप्पा, नीट बघा. शेवट काय झाला ते सांगा आम्हाला."

हरसूलवाली मात्र म्हणाली, "नका जाऊ आप्पा."

"का?"

"थेटरातलं येगळं असतं. उगा तरास."

मी म्हणालो, "तुला काय माहीत?" तिनं मान खाली घातली आणि सोपट ताणलं. मला वाटलं, बाई आहे, माझी काळजी करते.

ते थेटर मॉलमध्ये आहे. खाली कपडे, मध्ये खाणं, वर सिनेमा. आत शिरताना माझी पिशवी तपासली. पिशवीत काय असणार, पाण्याची बाटली आणि गूळ-शेंगदाणे. शेंगदाणे आत नेऊ देत नाहीत म्हणाला, आणि स्वतः बादलीभर लाह्या विकतो. डोळ्याला लावायला काळा चष्मा दिला. मी म्हणालो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय माझं, मला चांगलं दिसतं. नात म्हणाली, याच्याशिवाय दोन-दोन दिसतं. तर काढून बघितलं, खरंच दोन-दोन दिसत होतं. हे असलं चित्र काढायचं कशाला, जे उघड्या डोळ्यांनी बघता येत नाही?

आजूबाजूला लहान पोरं. आया लाह्या भरवतायत. मागच्या रांगेत कॉलेजची पोरं, त्यांनी म्हणे पुस्तकं वाचलेली, पुढं काय होणार ते एकमेकांना सांगत होती.

सिनेमा सुरू झाला. रंग होते, मी नाही म्हणत नाही. एवढे रंग की डोळे दुखले. राजकन्येचे डोळे बशीएवढे. तिचे केस वाऱ्यावर उडतात, वारा नसतानाही उडतात. मीठ जातं तेव्हा लोक रडतात, तर त्यांचे अश्रू चांदीसारखे चमकतात आणि हवेत तरंगतात. मला तिथंच राग आला. अरे, अळणी पाणी आहे ना ते? त्यात काही राहिलंच नाही हीच तर गोष्ट आहे, मग ते चमकतं कशाला? घरातलं माणूस गेल्यावर असं चमकत नाही काही. मागच्या पोराला मात्र लय आवडलं. "काय ॲनिमेशन केलंय यार," म्हणाला.

हरीण बोलायला लागलं आणि विनोद करायला लागलं. सारखं. राजकन्येचा बाप मेला तरी हरणाचा विनोद. पोरं हसत होती. मी दम धरून बसलो होतो. मला नदी हवी होती.

नदी आली. मी खुर्चीत पुढं सरकलो. नदी मोठी, फेसाळलेली, काळी. राजकन्या काठावर उभी राहिली. मी काठ शोधायला लागलो, नाव कुठं बांधलीय. हरीण म्हणालं, घट्ट धर मला. आणि उडी मारली. एका उडीत पलीकडं! वर संगीत.

मी उभा राहिलो. "नावाडीण कुठाय?"

नातीनं माझा हात ओढला. "आप्पा, बसा."

"नावाडीण कुठाय म्हणतो मी! अशी कशी गेली पलीकडं?"

मागून आवाज आला, "ओ काका, बसा की खाली, दिसत नाही."

"काय बघतोय तू?" मी त्याला म्हणालो. "बघण्यासारखं ते काढून टाकलंय!"

कुणीतरी बॅटरीचा उजेड पाडला. नातीनं मला बसवलं. मी बसलो, पण पुढचं नीट बघितलं नाही. पुढं आणखी नद्या आल्या, सगळ्या उडी मारून. शेवटी समुद्र आला, अजगर आला, मारामारी झाली, अजगराचं पोट फुटलं, मीठ बर्फासारखं आकाशातून पडलं आणि सगळे नाचले. अख्ख्या सिनेमात त्या पोरीला एकानंही विचारलं नाही, की बाई, तू काही खाल्लंस का.

बाहेर आलो तर एक पोरगा हातात माइक घेऊन उभा, दुसरा मोबाइल धरून. लोकांचे अभिप्राय घेत होते. एक बाई म्हणाली, मुलांना खूप आवडला. एकजण म्हणाला, शेवट जरा गडबडीत उरकला पण चित्रं भारी. एक मुलगी म्हणाली, मी रडले. मी तिच्याकडं बघितलं, डोळे कोरडे ठणठणीत.

मग माइक माझ्यासमोर आला. "आजोबा, कसा वाटला सिनेमा?"

नात मागून म्हणत होती, नको, नको. पण विचारलंय तर सांगणार. मी म्हणालो, "बेकार. ज्यांनी केला त्यांनी पुस्तक वाचलेलं नाही. पुस्तकात एक नावाडीण आहे. ती सगळ्यांत चांगली बाई आहे त्या गोष्टीतली. ती माणसाला आधी जेवू घालते, मग पलीकडं सोडते. ती कापून टाकली आणि बोकडासारख्या उड्या मारणारं हरीण ठेवलं. माझ्या बायकोनं मला ते पुस्तक वाचून दाखवलंय, अक्षर न् अक्षर. पैसे परत द्या म्हणत नाही मी, पण लाज वाटू द्या थोडी."

पोरगा खूश झाला. आसपासचे लोक हसत होते. मला वाटलं, पटलंय त्यांना.

ते त्यांनी मोबाइलवर टाकलं. चार-पाच दिवसांत नात माझ्याकडं आली, चेहरा पडलेला. "आप्पा, तुमचं लय लोकांनी बघितलंय."

"वाच, काय म्हणतात."

"नको."

"वाच म्हणतो ना."

तिनं वाचलं. तिचा आवाज बारीक होत गेला. 'काकांनी बहुतेक दुसराच पिक्चर बघितला.' 'काकांना आधी जेवायला घाला रे कुणीतरी.' 'कार्टूनला म्हाताऱ्यांना नेऊ नका, प्लीज.' 'बायकोनं उल्लू बनवलं काकांना.' आणि एकानं लांबलचक लिहिलं होतं, की मी या मालिकेचे सगळे भाग वाचलेत, इंग्रजीतले आणि मराठीतले, नावाडीण असं पात्र कुठल्याच भागात नाही, लोकांनी न वाचता मतं देऊ नयेत.

मी म्हणालो, "खोटं बोलतोय."

"आप्पा…" ती थांबली. "मी पण वाचनालयातून आणलं पुस्तक. परत बघितलं. हरीण उडीच मारतं पुस्तकात."

"मग ते दुसरं पुस्तक असंल. छापताना गाळलं असंल."

"आप्पा, तेच पुस्तक आहे. आजीच्या चहाचा डाग पण आहे त्याच्यावर."

मला एवढा संताप आला, की मी तिला नको ते बोललो. म्हणालो, "म्हणजे तुझी आजी खोटं वाचत होती?" ती रडायला लागली. तिचे अश्रू काही चमकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये मी गोणपाटावर येऊन बसलो. टाक्यावर नाही गेलो. मेथी तशीच पडली होती. बाया शेपूच्या जुड्या बांधत होत्या, त्यांनी एकमेकींकडं बघितलं. मी सगळं सांगितलं, थेटर, माइक, मोबाइल, त्या शहाण्याचं लांबलचक लिहिणं. म्हणालो, "आता तुम्ही सांगा. तुम्ही पण ऐकलंय. होती का नाही नावाडीण पुस्तकात?"

सोपटाचा चर्र आवाज तेवढा.

हरसूलवालीनं हातातली जुडी बाजूला ठेवली. "नव्हती आप्पा."

"काय?"

"पुस्तकात नव्हती. काकू सवताच्या मनानं सांगायची."

"तुला वाचता येतं का? तुला काय कळतं पुस्तकातलं?"

"नाय येत वाचता. पण पान उलटायचा आवाज तर येतो ना माणसाला. नावाडीण आली की पान उलटायचं नाय. काकू पुस्तकाकडं बघायची बी नाय. आमच्याकडं बघायची. तुमच्या पाठीकडं बघायची."

मी टाक्याकडं बघितलं. नळ चालू असतो तिथं, पाणी पडत असतं. पान उलटल्याचा आवाज मला कधी आला असता?

एक तरुण बाई म्हणाली, "आप्पा, ते म्या बोलले होते पहिल्यांदा. म्हटलं, पोरगी एवढी चालतीय, तिला कुणी विचारलं का नाय जेवली का म्हणून. तर काकू हसली. दुसऱ्या दिवशी नावाडीण आली."

"म्हणजे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक," मी म्हणालो, "आणि मी तिथं बसून बैलासारखी मान हलवतोय! हसत होता तुम्ही. मला हसत होता!"

"हसलो," हरसूलवाली म्हणाली. तिनं खोटं सांगितलं नाही, ते बरं झालं. "पयल्या दिवशी हसलो. एकाच दिवसाची होती ती म्हातारी. काकू म्हणली होती, उद्यापासून परत पुस्तकातलं. पण दुसऱ्या दिशी तुम्हीच ईचारलं ना, नावाडीण कुठं गेली म्हणून. मंग आणावी लागली तिला."

तिनं जुडी परत उचलली.

"मी म्हणले काकूला, सांगून टाका आप्पांना. तर म्हणे, नको. म्हणे, सांगितलं तर ईचारायचं बंद करतील. म्हणे, दिवसभरात माझ्याशी बोलतात ते पाण्याच्या पाळीचं नाय तर मेथीचं. आता नावाडणीचं बी बोलतात. ऱ्हाऊ दे."

मी उठलो. बांधापर्यंत गेलो. तिथं कांदापात उभी होती, तिच्याकडं बघत राहिलो. राग कुणावर काढावा ते कळेना. बायांवर काढावा तर त्यांनी काय केलं? सिनेमावाल्यांवर काढावा तर त्यांनी पुस्तकात होतं तेच दाखवलं, आणि त्या शहाण्यानं लिहिलेलंही खरंच होतं. तिच्यावर काढावा तर ती नाही. मला सगळ्यांत जास्त तिचाच राग आला, हे मी लिहून ठेवतो. आणि राग आला म्हणून मोठ्यानं हाक मारणार होतो, ती हाक तोंडातच राहिली.

पण संध्याकाळचा टेम्पो कुणासाठी थांबत नाही. मेथी धुवायची राहिली होती. मी परत आलो, टाक्यावर बसलो, नळ सोडला.

नात मागं येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "आप्पा, मी त्या लोकांना सांगून तो व्हिडिओ काढायला लावते. नाही तर तुमच्या नावानं लिहिते, की चुकून बोलले."

"चुकून नाही बोललो," मी म्हणालो. "काय चुकीचं बोललो? सिनेमा बेकारच आहे. आता तर जास्तच बेकार आहे. आधी मला वाटलं त्यांनी चांगलं ते कापलं. आता कळलं, चांगलं ते त्यांच्याकडं नव्हतंच. पुस्तक पण बेकार. लिही तसं."

"असं लिहू?"

"लिही. आणि लिही, की माझ्या बायकोनं वाचलेलं पुस्तक त्याच्याहून चांगलं होतं."

तिनं खरंच लिहिलं. खाली परत लोकांनी काय काय लिहिलं असंल. मी वाचायला सांगितलं नाही.

मुळं धूत होतो. माती पाण्यात सुटत होती. मग मागून ती तरुण बाई म्हणाली, "आप्पा, मग राजकन्या अजून नावेतच हाय का?"

मी मेथीची पेंडी झटकली. "नावेतच आहे."

"मंग काढा की तिला बाहेर. कितीक दिवस बसवणार?"

"मला येत नाही असलं."

"काकूला तरी कुठं येत होतं," हरसूलवाली म्हणाली.

मी पाण्यात हात घातले. मी गोष्ट कधी सांगितलेली नाही, मुलाला नाही, नातीला नाही. म्हणालो, "नाव मधोमध आली. म्हातारीनं वल्ही ठेवली. म्हणाली, जेवलीस का."

"आधीच जेवलीय ती, बसताना," एकजण म्हणाली.

"ते सकाळी. आता दुपार झाली. मध्ये बोलू नका. तर म्हातारीनं भाकरी काढली. आणि कमरेची गाठ सोडली. गाठीत मीठ."

"मीठ?" तिघी-चौघी एकदम. "आप्पा, मीठ तर अजगरानं खाल्लंय!"

"सगळं नाही सापडलं त्याला. तिच्या कमरेला होतं, तिथं तो कशाला बघायला जातोय?"

"मग राजकन्येला मिळालंच की मीठ. मग तिनं पुढं कशाला जायचं? संपली गोष्ट. असं नाय चालायचं आप्पा. काकूनं असं कधी केलं नसतं."

एक जुडी माझ्या पाठीवर येऊन पडली. कुणी टाकली ते मी बघितलं नाही. मला राग आला, आणि मी डोकं चालवायला लागलो. अर्धी मेथी धुऊन झाली तेव्हा मला सापडलं.

"एवढंसंच होतं," मी म्हणालो. "एका भाकरीपुरतं. तिनं ते सगळं त्या पोरीच्या भाकरीवर टाकलं. गाठ रिकामी झाली. म्हणून तर पोरीला पुढं जायचंय. म्हातारीचं परत आणून द्यायचंय."

मागं कुणीतरी सोपटाची गाठ करकचून ओढली.

"हां," हरसूलवाली म्हणाली. "मंग चालंल."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मी त्याला थांब म्हणून ओरडलो आणि पुढची पेंडी ओढून घेतली.